लसणाचं पाणी

घोळ उपटायची तर ऊन टेकडीवरून खाली उतरायच्या आत. उशीर झाला की पानं मलूल पडतात आणि रश्शात घातल्यावर त्यांचा नुसता लगदा होतो. म्हणून फेलिस्मीना उजाडताच कलिंगडांच्या वाफ्यात वाकली होती. वाफा तिचा नव्हता. वाफ्याच्या मालकाला घोळ म्हणजे तण आणि फेलिस्मीनाला जेवण, तेव्हा ती त्याचं रान फुकटात निंदून देई आणि तण एप्रनच्या ओच्यात भरून घरी नेई. आपण समोरच्याला बनवलं असं दोघांनाही वाटत असे, त्यामुळे हा व्यवहार चार वर्षं सुरळीत चालला होता.

बांधावर तिची सासू पर्पेतुआ बसली होती. पोर्तुगालातल्या ऑगस्टच्या उकाड्यातही तिच्या डोक्यावरची काळी शाल हलली नव्हती.

"बास कर की. घरात काय शेळ्या बांधल्यात व्हय?"

"शनिवारी बेंतू येतोय, आई."

"म्हणूनच म्हणते. चार वर्सांनी पोरगा फ्रान्सवरनं येतोय, आन तू त्याच्या पुढ्यात तण वाढणार?"

"तणच वाढणार."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. पण उठताना तिनं आपल्या एप्रनमध्येही दोन मुठी भरून घेतल्या.

बेंतू बुचाच्या झाडांची साल काढणारा, बाटल्यांची बुचं होतात ती. कुऱ्हाडीचा घाव साल फाडील, पण आतल्या लाकडाला ओरखडा काढणार नाही, असा हात. पण बुचाचं झाड एकदा सोललं की नऊ वर्षं त्याला हात लावता येत नाही, आणि गावाभोवतीची सगळी राईच एका उन्हाळ्यात सोलून झाली. मग उरली रोजंदारी. मिळेल त्या दिवशी नांगर, मिळेल त्या दिवशी फावडं. बेंतू लिस्बनच्या बसच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता, "दोघं राबलो तरी पोटाचं भागत न्हाई, फेलिस्मीना. ज्या दिवशी तुझ्या एकटीच्या मजुरीवर हे घर पोटभर जेवंल, त्या दिवसापास्नं मी फ्रान्सचं तोंड बघणार न्हाई."

बसच्या पायरीवर माणसं काहीही बोलतात. पण फेलिस्मीनानं ते गाठीला बांधलं.

पहिल्यांदा कॉफी गेली. तिच्या जागी भाजलेल्या हरभऱ्यांची पूड आली, आणि पर्पेतुआ आठ दिवस घरात कुणाशी बोलली नाही. मग साखर गेली. दुकानचा पाव बंद झाला आणि गावभट्टीत पंधरा दिवसांतून एकदा मोठमोठे पाव भाजून कापडात गुंडाळून ठेवणं सुरू झालं. मालकाची ऑलिव्हची तोडणी आटोपली की फेलिस्मीना झाडांखाली सरवा वेची, गुडघ्यांवर, थंडीत बोटं काळीनिळी होईपर्यंत, आणि त्यातून वर्षाचं तेल निघे. वसंतात काटेरी झुडपांचे देठ सोलून ती हरभऱ्यात शिजवी. डुकराच्या तंगड्या विकायच्या आणि कान, पाय, चरबी घरात ठेवायची. अंडी विकायची; एखादं तडकलं, तरच ते वाडग्यात पडे.

आणि ज्या दिवशी काहीच नसे, त्या दिवशी खलबत्त्यात मीठ, लसूण, कोथिंबीर कुटायची, त्यावर उकळतं पाणी आणि तेलाची धार, आणि आठ दिवसांच्या कडक पावाचे काप. गल्लीत त्याला 'लसणाचं पाणी' म्हणत. नाव ठेवणारेही आठवड्यातून तीनदा तेच खात, फक्त दार लावून.

हिवाळ्यापासून फ्रान्सहून आलेल्या पैशाला तिनं बोट लावलं नव्हतं. ते चुलीमागच्या कोनाड्यात एका पत्र्याच्या डब्यात होते. घर तिच्या मजुरीवर जेवत होतं. हे तिनं बेंतूला पत्रातून कळवलं नाही, कारण पत्रं लिहायला आणि वाचायला झेफेरीनोच्या दुकानात जावं लागे, आणि झेफेरीनोला सांगितलं म्हणजे चर्चची घंटा वाजवली. ते तिला बेंतूला ताटातूनच दाखवायचं होतं.

झेफेरीनो बेंतूचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं किराणा दुकान, दुकानाला लागून दारूचा गुत्ता. फेलिस्मीनाच्या काटकसरीनं गावात कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याचं. शुक्रवारी ती मीठ घ्यायला गेली, तेव्हा तो फळीवर कोपरं टेकून उभा होता.

"नुसतं मीठ? उद्या फ्रान्सचा साहेब येतोय, वहिनी. तो पत्रात लिहितो, हितं रोज मटण मिळतं. मीच वाचून दाखवलंय तुमाला."

"मीठ तेवढं रानात उगवत न्हाई, झेफेरीनोभाऊ. उगवलं असतं, तर आज तुमची गाठ पडली नसती."

दुकानातल्या बायका हसल्या. झेफेरीनोही हसला, पण मीठ तोलताना त्यानं नेहमीसारखी वरून चिमूट टाकली नाही.

शनिवारी बेंतू आला. पुठ्ठ्याची सुतळीनं बांधलेली सुटकेस, गळ्यात टाय, पायांत करकरणारे बूट. गल्ली दारादारांतून बाहेर आली होती. पर्पेतुआनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि चार वर्षांचे मुके एकदमच घेतले. फेलिस्मीना मागं उभी राहिली. हात एप्रनला पुसत राहिली, कोरडे असूनही. त्याचा पट्टा तिनं पाहिला. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती. कष्टाचं काम असणार, तिच्या मनात आलं.

रात्रीच्या जेवणाला तिनं घोळीचा रस्सा वाढला, त्यात बकरीच्या चिजाचा एक तुकडा, तळाशी शिळा पाव. बेंतूनं टाय काढला, मान खाली घातली आणि तीन वाडगी संपवली. फेलिस्मीना आपलं जेवण विसरून त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

चार वर्षं ती पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपत आली होती. थंडीतही पलीकडं सरकली नव्हती, जणू तिकडची जागा कुणी विचारायला येणार होतं. आता तिथं बेंतू होता, हाडं टोचणारा, झोपेत पाय झाडणारा. ती अडतीस वर्षांची होती. या माणसाचा श्वास ऐकायला मिळावा यासाठी तिनं कॉफी, साखर, अंडी, सगळं सोडलं होतं, आणि अजून काही सोडायचं शिल्लक असतं तर तेही सोडलं असतं.

दिवस कामात गेले. बेंतूनं कौलं सारखी केली, भिंतींना चुना दिला, विहिरीचा दोर बदलला. फेलिस्मीना सकाळी निंदणीला जाई आणि दुपारी वाढी: हरभरे आणि डुकराचा कान, दुसऱ्या दिवशी त्याच हरभऱ्यांच्या पाण्यात पाव, तिसऱ्या दिवशी तिघांत मिळून एक सुकी सार्डिन मासळी. प्रत्येक वाडग्याबरोबर ती त्याच्या तोंडाकडे बघे. त्याला दिसतंय का? सासूबाईंचे गाल बघ, माझे दंड बघ. आम्ही उपाशी नाही.

बुधवारी ती गावभट्टीवरून डोक्यावर पावांची फळी घेऊन परतली, तेव्हा घरातून लसणाचा वास आला. चुलीपाशी ठेंगण्या स्टुलावर बेंतू बसला होता. बाह्या वर, मांडीत खलबत्ता. त्यानं आधी खडेमीठ टाकलं, म्हणजे लसूण निसटत नाही, मग लसूण, मग कोथिंबीर देठांसकट. पाव छातीशी धरून सुरी आपल्याकडे ओढत त्यानं असे पातळ काप काढले, की एका पावाचे दोन वाटावेत. चुरा तळहाताच्या कडेनं गोळा करून वाडग्यात लोटला. पाणी उकळलं तसं खाली घेतलं, क्षणभर थांबला आणि मग ओतलं.

या माणसानं लग्नानंतरच्या बारा वर्षांत झाकण उचलून पातेल्यात पाहिलं नव्हतं.

फेलिस्मीनानं फळी खाली ठेवली. "हे कुठं शिकलास?"

"मजुरांच्या बराकीत. सहा जणांची खोली, ज्याचा त्याचा स्टोव्ह."

"आन मटण?"

"मटण पत्रात असायचं," बेंतू म्हणाला.

ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं आणि हसू तसंच तोंडावर राहून डोळ्यांतून पाणी आलं. चार वर्षं ती इथं शिळा पाव भिजवत होती, आणि हा तिकडं. त्याचं पोट भरलेलं आहे, एवढ्यावर तिनं किती दिवस काढले होते!

तिनं कोनाड्यातून डबा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हिवाळ्यापास्नं यातलं कायबी खर्चलं न्हाई. माझ्या मजुरीवर जेवलो आमी. आईला इचार. वाळलो का आमी?"

बेंतूनं झाकण उघडलं, आत पाहिलं, न मोजताच लावलं. मग तिच्याकडं पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"न्हाई," तो म्हणाला. "चांगली दिसतीस."

"मग?"

"बघू."

या घरात 'बघू' म्हणजे बराचसा होकार. त्या संध्याकाळी फेलिस्मीना कोंबड्यांना दाणे टाकताना गुणगुणली, आणि पर्पेतुआनं विचारलं, पोटात दुखतंय का.

रविवारी दुपारी, वाडगी मांडलेली असताना झेफेरीनो दारात उभा राहिला. हातात दारूची सुरई. दोस्ताला भेटायला आला होता, आणि त्याची नजर दोस्ताच्या आधी टेबलावर गेली.

"अरे देवा! घोळ?" तो मोठ्यानं म्हणाला. गल्लीतली दारं उघडी होती. "लेका बेंतू, माझी डुकरं कालपास्नं उपाशी का, ते आत्ता कळलं. त्यांचं जेवान तर तुझ्या टेबलावर हाय!"

"बसा, झेफेरीनोभाऊ," फेलिस्मीना म्हणाली. "डुकरं सांगतील तुमाला, लई झ्याक लागतं."

"नको वहिनी. फ्रान्सला जाऊन माणूस हे खातो म्हणजे... न्हाई, मी आपलं नंतर येतो." जाताना त्यानं बेंतूच्या खांद्यावर थाप मारली, आजारी माणसाच्या खांद्यावर मारतात तशी.

बेंतूचे कान लाल झाले होते. त्यानं वाडगं पुढं सरकवलं. उठला, टाय घातला, त्या उन्हात बूट घातले, कोनाड्यातून डबा काढला आणि बाहेर पडला. फेलिस्मीना दारापर्यंत धावली.

"बेंतू! त्यातलं नको!"

तो वळला नाही.

तासाभरानं झेफेरीनोच्या दुकानातून खारवलेला मोठा मासा आला, सॉसेजच्या माळा आल्या, मटणाचा मागचा पाय आला, पांढरा पाव, खरी कॉफी, साखर आली. दोन दिवस घरात गल्ली जेवली. फेलिस्मीना चुलीपाशी उभी राहून तळत होती आणि धुरानं डोळे चोळत होती. बेंतू टेबलाच्या टोकाला बसून आग्रह करत होता, मोठमोठ्यानं फ्रान्सच्या गोष्टी सांगत होता, आणि जेवणारे म्हणत होते, याला म्हणतात कमावता गडी. झेफेरीनो सगळ्यांत जास्त जेवला. डब्याचा तळ दिसला, तेव्हा मेजवानीही संपली.

मंगळवारी चुलीवरचं तेलकट पातेलं राखेनं घासता घासता ती म्हणाली, "आता?"

"गुरुवारची बस हाय," बेंतू म्हणाला. तो उंबऱ्याकडं पाठ करून बुटांना तेल लावत होता.

"तू बघू म्हणाला होतास."

"बघितलं की. झेफेरीनोनं बघितलं, समद्या गल्लीनं बघितलं. चार वर्सं परदेशात राबून बायकोला तण खायला घालतो, असं नाव घेऊन ऱ्हाऊ व्हय हितं?"

"तण मी खाल्लं. माझं पोट भरलं. मी कुणाकडं मागायला गेले?"

"ते न्हाई गं..."

"मग काय? तिकडं काय खाणार हाईस तू? सांग की! स्टोव्हवर पाणी उकळून पाव भिजवणार. एकटा. तेच हितं खा, माझ्याजवळ बसून खा. मी दुसरं काय मागितलं तुझ्यापाशी?"

बेंतूचा हात थांबला.

"तिकडं," तो हळू म्हणाला, "मी काय खातो ते बघाया कुणी नसतं."

फेलिस्मीनानं हर प्रकारची टंचाई मोडून काढली होती. नसलेल्या मटणाचा रस्सा केला होता, नसलेल्या कॉफीची कॉफी. पण गल्लीच्या डोळ्यांचं काय करायचं, ते तिला येत नव्हतं. रात्रभर ती त्याच्या पाठीला हात लावून पडून राहिली.

बुधवारी संध्याकाळी भिंतींची धग ओसरली, तशी गल्ली नेहमीप्रमाणे बाहेर आली. आत जेवायचं, दार उघडायचं आणि ठेंगण्या खुर्च्या टाकून वाऱ्याला बसायचं, ही तिथली रीत. बाहेर बसून जेवत मात्र कुणीच नसे. त्या संध्याकाळी फेलिस्मीनानं चुलीपाशी लसूण कुटला, पाणी उकळलं, पाव कापला. मग बुटकं टेबल उचललं आणि उंबऱ्याबाहेर, गल्लीच्या दगडांवर मांडलं.

"येडी झालीस व्हय!" पर्पेतुआ आतून ओरडली.

फेलिस्मीनानं तीन वाडगी मांडली, तीन खुर्च्या मांडल्या. "बेंतू, जेवायला चल."

आतून सुटकेसची सुतळी आवळल्याचा आवाज आला.

ती एकटीच बसली आणि जेवायला लागली. समोरच्या दारातलं बोलणं बंद पडलं. ती चमचा भरत होती आणि मान वर ठेवत होती. थोड्या वेळानं पर्पेतुआ काठी टेकत बाहेर आली, गल्लीकडं एक नजर टाकली आणि धपकन खुर्चीत बसली.

"आण माझा चमचा. पन्नास वर्सं हे खाते, आन पन्नास वर्सं दार लावते. आता दार लावाया बी उठवत न्हाई."

दुकान बंद करून झेफेरीनो गल्लीच्या वरच्या टोकाकडून येत होता. टेबल दिसलं, तशी त्याची चाल मंदावली. जेवणाऱ्यानं जाणाऱ्याला बोलवायचंच असतं. ते कुणी चुकवत नाही.

"या, जेवायला या, झेफेरीनोभाऊ," फेलिस्मीना म्हणाली.

झेफेरीनोनं वाडग्यात डोकावून पाहिलं. काहीतरी लागट बोलायला त्याचं तोंड उघडलं होतं, पण म्हातारी त्याच्याकडं रोखून बघत होती. "बेंतू कुठाय?" त्यानं विचारलं.

"आत हाय. त्याचं वाडगं हितं हाय."

तिसऱ्या वाडग्यात पाव फुगून वर आला होता. फेलिस्मीनाला भीती वाटली, खरीखुरी. तो आला नाही, तर आपण त्याला कायमचं घालवलं. चार माणसांत नवऱ्याची लाज काढणाऱ्या बाईकडं कोण परत येतं?

आत खुर्ची सरकली. बेंतू दाराच्या चौकटीत आला. टाय नव्हता, पायांत बूट नव्हते. त्यानं गल्लीकडं पाहिलं, एकेका दाराकडं, आणि त्याचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला. मग तो बसला, पण गल्लीकडं पाठ करून. चमचा घेतला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासानंतर तो अर्धवट उठला, बुडाखालची खुर्ची धरून फिरवली आणि गल्लीकडं तोंड करून पुन्हा बसला. वाडगं मांडीवर घेतलं.

"बस की लेका," तो झेफेरीनोला म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाला, "बस. वाढ गं ह्याला."

झेफेरीनो घुटमळला. टोपी काढून हातात घेतली. "नको रे. आमच्यात बी आज हेच हाय."

"ठावं हाय," पर्पेतुआ म्हणाली. "वास येतो समद्या गल्लीला."

कुठल्याशा दारात कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग हसू दारोदार गेलं. झेफेरीनोही पुसटसं हसला आणि पायरीवर टेकला. फेलिस्मीनानं त्याच्यासाठी वाडगं भरलं. थोडं दगडांवर सांडलं.

"आन उद्याची बस?" तिनं विचारलं. त्याच्याकडं न बघता.

बेंतू पावाच्या सालीनं वाडग्याचा तळ पुसत होता. "ती जाईल की तिच्या येळंला," तो म्हणाला. "अजून हाय का?"

फेलिस्मीना पातेलं आणायला आत गेली. चुलीपाशी पोचल्यावर पातेलं तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, चटका बसला तरी धरून ठेवलं, आणि आवाज न करता रडली, चार वर्षांचं सगळं. बाहेर झेफेरीनो पावाच्या जाडीवरून काहीतरी बोलत होता आणि बेंतू त्याला पाव कसा कापावा ते सांगत होता.

"काय गं," बेंतूनं बाहेरून हाक मारली, "किती येळ? बसलोय न्हवं आमी!"

घाई कर म्हणून तिला बाहेरून कुणी हाक मारल्याला चार वर्षं झाली होती.

"आले," ती म्हणाली. "आले, आले."